पत, पैसा आणि स्वित्झर्लंड

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



स्वित्झर्लंड हे नाव उच्चारताच आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. पहिले चित्र हिंदी चित्रपटांनी रंगवले. बर्फाच्छादित शिखरे, हिरवी कुरणे, गाईंच्या गळ्यातील घंटा आणि त्या पार्श्वभूमीवर गाणारे नायक-नायिका. दुसरे चित्र वर्तमानपत्रांनी रंगवले. स्विस बँक, तिच्या पोलादी तिजोऱ्या आणि त्यांत दडवलेला काळा पैसा. निसर्गाने दिलेले सौंदर्य आणि जगाने लपवायला दिलेला पैसा, या दोहोंच्या जोरावर हा चिमुकला देश श्रीमंत झाला, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे.

हा समज कितपत खरा आहे, ते तपासून पाहणे हा आजच्या विषयाचा हेतू आहे. ही तपासणी बँकेपासून सुरू करण्याऐवजी कापडापासून सुरू करणे अधिक उचित ठरेल. कापडबाजारात वावरणाऱ्या माणसाच्या ओठांवर या देशाची नावे नकळत रोज येत असतात. शिफलीचे भरतकाम, सुल्झर मागावरचे कापड, सुताचा उस्टर, स्विस व्हॉइल. हे सारे शब्द त्याच देशातून आले. ज्या भूमीत कापसाचे एक बोंडही पिकत नाही, त्या भूमीने कापडाच्या धंद्याला एवढी नावे द्यावीत, हेच मुळात विचार करण्यासारखे आहे.

रिकाम्या हातांचा देश

स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ सुमारे ४१,२८५ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा हा देश. त्यातील निम्म्याहून अधिक भूभाग आल्प्स पर्वताने व्यापलेला. लोकसंख्या सुमारे नव्वद लाख. समुद्रकिनारा नाही, खनिज तेल नाही, मोठ्या उद्योगाला पुरेल एवढा कोळसा वा लोखंड नाही. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा आणि सव्वीस प्रांत, ज्यांना तेथे कँटन म्हणतात.

आज ज्याची गणना जगातील अतिसमृद्ध राष्ट्रांत होते, तो देश दोनशे वर्षांपूर्वी दरिद्री होता. शेतीवर पोट भरत नसे म्हणून तेथील तरुण परकीय राजांच्या फौजेत भाडोत्री सैनिक म्हणून जात. पोपमहाशयांच्या पहाऱ्यावर आजही असलेले स्विस रक्षकदल १५०६ पासूनचे आहे. त्या जुन्या परंपरेची ती शिल्लक राहिलेली खूण होय. १८१५ मध्ये दूर इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आकाशात पसरलेल्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही आणि पूर्व स्वित्झर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. १८१९ मध्ये तर सुमारे दोन हजार स्विस माणसे पोटासाठी ब्राझीलला निघून गेली आणि तेथे त्यांनी नोव्हा फ्रिबुर्गो हे गाव वसवले. निसर्गसौंदर्य तेव्हाही हेच होते. परंतु त्याने कोणाची चूल पेटत नव्हती.

देशांतर्गत व्यापाराची स्थितीही बिकट होती. प्रत्येक कँटनची जकात वेगळी, वजनमापे वेगळी आणि नाणीही वेगळी. १८४७ मध्ये महिनाभरही न चाललेले एक यादवी युद्ध झाले आणि त्यातून १८४८ ची राज्यघटना जन्माला आली. तिने अंतर्गत जकातींचे अडथळे दूर केले आणि परकीय सत्तांना सैनिक पुरवण्याचे नवे करार करण्यास मनाई केली. १८५० मध्ये संपूर्ण देशासाठी फ्रँक हे एकच चलन ठरले. माणसे निर्यात करणारा देश यापुढे माल निर्यात करील, असाच त्या निर्णयांचा अर्थ होता.

सुतापासून यंत्रापर्यंत

तो माल म्हणजे प्रामुख्याने कापड. पूर्व स्वित्झर्लंडमध्ये अठराव्या शतकातच घरोघरी सूत कातले जात असे आणि माग चालत असत. १८०१ मध्ये सेंट गालेन येथील जुन्या मठाच्या इमारतीत तेथील पहिली यंत्रचालित सूतगिरणी सुरू झाली. परंतु यंत्राचे स्वागत सर्वत्र झाले नाही. २२ नोव्हेंबर १८३२ रोजी झुरिक प्रांतातील उस्टर गावी हातमागावर उदरनिर्वाह करणाऱ्या विणकरांनी यंत्रमागाची गिरणी जाळून टाकली. त्यांच्या म्होरक्यांना दीर्घ कारावास भोगावा लागला. ज्यांनी जाळले त्यांचेही दुःख खरे होते. त्यांच्या ताटातील भाकरी जात होती.

काळाचा न्याय असा की, आज कोणत्याही सूतगिरणीत सुताचा एकसारखेपणा ज्या उपकरणावर मोजला जातो, त्या उपकरणाला याच उस्टर गावाचे नाव आहे. सूत विकणारा आणि घेणारा यांच्यात वाद झाला तर ‘उस्टर किती आला?’ या प्रश्नावर तो मिटतो. त्या कंपनीचे नियंत्रण २०१२ मध्ये एका जपानी उद्योगसमूहाकडे गेले, तरी नाव उस्टरच राहिले. ज्या गावात एके काळी यंत्राला आग लावली गेली, तेच गाव पुढे सुताच्या गुणवत्तेची कसोटी बनले.

असेच शिफलीचे. १८६३ मध्ये सेंट गालेनच्या परिसरातील इझाक ग्र्योब्ली या विणकराने भरतकामाचे नवे यंत्र शोधून काढले. त्यातील धोटा छोट्या होडीच्या आकाराचा होता, म्हणून त्याला स्विस बोलीत शिफली, म्हणजे लहानशी होडी, असे नाव पडले. पहिल्या महायुद्धापूर्वी सेंट गालेनचे भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. पुढे युद्ध आले, स्त्रियांच्या पोशाखाची पद्धत बदलली, मागणी कोसळली आणि हजारो यंत्रे मोडीत काढावी लागली. तरीही तो धंदा पूर्णपणे मेला नाही. थोडाच माल, परंतु जगात इतरत्र मिळणार नाही असा माल, हे सूत्र धरून तो टिकला. २००९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्या शपथविधीला त्यांच्या पत्नीने जो पिवळसर पोशाख परिधान केला होता, त्याची लेस सेंट गालेनची होती.

या साऱ्या कथेतील खरे मर्म मात्र वेगळेच आहे. कापड स्वस्तात विणणारे देश पुढे आले, तेव्हा स्विस उद्योजकांनी कापड धरून न ठेवता त्या कापडामागची विद्या धरून ठेवली. विंटरथुर येथील रीटर ही पेढी १७९५ मध्ये मसाले आणि कापूस यांचा व्यापार करण्यासाठी निघाली होती. पुढे तिने सूत काढले आणि त्यानंतर सूत काढण्याची यंत्रे बनवली. आज त्याच रीटरचा कारखाना आपल्या सातारा जिल्ह्यातही आहे. त्याच विंटरथुरच्या सुल्झर कंपनीने १९५३ मध्ये नव्या पद्धतीचा बिनधोट्याचा माग बाजारात आणला. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला सुल्झर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

रंगाच्या पिंपातून औषधाची बाटली

कापड विणणाऱ्यांपासून यंत्रे आली, तशी कापड रंगवणाऱ्यांपासून औषधे आली. बाझल हे ऱ्हाईन नदीकाठचे शहर रेशमी फितींसाठी प्रसिद्ध होते. फिती म्हटल्या की रंग आलाच. १८५९ मध्ये तेथे अलेक्झांडर क्लावेल या रेशीम रंगवणाऱ्या कारखानदाराने नव्यानेच शोधला गेलेला कृत्रिम लाल-जांभळा रंग तयार करण्यास आरंभ केला. त्या रोपट्यातून सिबा ही कंपनी वाढली. गायगी, सँडोज या कंपन्याही रंगांच्याच. रंगांची रसायने तयार करता करता त्या औषधांकडे वळल्या आणि १९९६ मध्ये सिबा-गायगी आणि सँडोज यांच्या एकत्रीकरणातून नोव्हार्टिस जन्माला आली. आज औषधे आणि रसायने हीच स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात आहे. आपल्याकडे रंगाऱ्याच्या हातावरचा डाग पाहून कोणी त्यात औषधाचा कारखाना पाहिला नसता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. हा रंगउद्योग वाढला त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदाच नव्हता. तो १८८८ मध्ये आला आणि रासायनिक प्रक्रियांना त्याचे संरक्षण त्यानंतरही बऱ्याच काळाने मिळाले. शेजारच्या फ्रान्समध्ये एकाधिकार असलेले रंग बाझलमध्ये निर्वेधपणे तयार होत असत. पुढे तीच मंडळी पेटंटची कट्टर पुरस्कर्ती झाली. कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिसने भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने तो दावा फेटाळला. समृद्ध राष्ट्रांचा उपदेश ऐकताना त्यांच्या तरुणपणीचे वर्तनही ठाऊक असलेले बरे.

मुंबईची पेढी

स्विस व्यापाराचा आणि मुंबईचा संबंध आजकालचा नाही. १ फेब्रुवारी १८५१ रोजी फोल्कार्ट या दोघा बंधूंनी एकाच दिवशी दोन ठिकाणी पेढी उघडली. एक विंटरथुरला आणि दुसरी मुंबईला. एका भावाने तेथली गादी सांभाळली, दुसऱ्याने येथली. कापूस, मसाले, कॉफी येथून जात आणि तयार माल तिकडून येत असे. त्या काळी पत्र पोहोचायलाही आठवडे लागत. एवढ्या अंतरावरून मालाचा दर्जा, भरणा आणि हुंडी यांचा मेळ बसवायचा तर कागदापेक्षा शब्दालाच अधिक किंमत द्यावी लागे. पुढे १९५४ मध्ये याच फोल्कार्ट कंपनीने टाटांशी भागीदारी केली आणि दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून ‘व्होल्टास’ हे नाव तयार झाले. घरातील वातानुकूलन यंत्रावर हे नाव वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यातील पहिली अक्षरे स्विस असल्याचे ठाऊक असते.

हात वर करून चालणारे अर्थकारण

माल चांगला असला तरी राज्यव्यवस्था विश्वासार्ह नसेल, तर व्यापारी तेथे भांडवल ठेवत नाही. या बाबतीत स्वित्झर्लंडचे वेगळेपण लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील केंद्र सरकार अवघ्या सात जणांचे असते आणि अध्यक्षपद दरवर्षी त्यांच्यातच फिरते. महत्त्वाच्या निर्णयांवर अंतिम शब्द जनतेचा असतो. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या गोळा झाल्या, तर त्यावर सार्वमत घ्यावेच लागते.

ग्लारुस हा कापड छापणारा कँटन. तेथील छापील कापड तुर्कस्तानपासून आग्नेय आशियापर्यंत जात असे. तेथे नागरिक मोकळ्या चौकात जमून हात वर करून मतदान करतात. ही प्रथा आजही चालू आहे. अशाच सभेने १८६४ मध्ये गिरणीतील कामाचे तास बारांवर मर्यादित केले आणि रात्रपाळीला बंदी घातली. युरोपातील मोठमोठी राज्ये ज्या प्रश्नावर चाचपडत होती, तो एका डोंगराळ प्रांताने चौकात उभे राहून सोडवला.

करांचेही तसेच. तेथे मूल्यवर्धित कर आणण्याचा प्रस्ताव जनतेने १९७७, १९७९ आणि १९९१ असा तीन वेळा नाकारला. १९९३ मध्ये तो मान्य झाला आणि १९९५ पासून अमलात आला. त्याचा कमाल दर राज्यघटनेतच लिहिलेला असल्यामुळे जनतेला विचारल्याविना सरकारला तो वाढवता येत नाही. १ जानेवारी २०२४ पासून हा सर्वसाधारण दर ८.१ टक्के आहे. युरोपातील बहुतेक देशांत तो वीस टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या व्यापाऱ्याने एका वर्षात करपद्धतीची अनेक परिपत्रके वाचली आहेत, त्याला या स्थैर्याचे मोल सांगण्याची गरज नाही.

मतदाराला विचारले तर तो फुकटचेच मागणार, अशी शंका येथे येईल. २०१२ मध्ये सर्व कामगारांना वर्षाला किमान सहा आठवड्यांची पगारी रजा द्यावी, असा प्रस्ताव मतदानास आला. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला. छोट्या उद्योगांना तो खर्च पेलणार नाही, हा युक्तिवाद त्यांना पटला होता. त्याआधी २००१ मध्ये सरकारी कर्जाला घटनात्मक लगाम घालणारी तरतूद सुमारे ८५ टक्के मतांनी संमत झाली होती. परंतु तेथील जनता म्हणजे कोणी वैरागी नव्हे. मार्च २०२४ मध्ये तिने निवृत्तिवेतनाचा तेरावा हप्ता स्वतःस मंजूर करून घेतला आणि तो भागवायचा कसा, हा प्रश्न सरकारपुढे ठेवला. चुकण्याचा अधिकारही तिचाच आहे.

गादीवरची शाळा

तेथील साधारण दोन तृतीयांश मुले सक्तीचे शिक्षण संपल्यावर महाविद्यालयाची वाट न धरता एखाद्या कारखान्यात, दुकानात वा बँकेत उमेदवारी करतात. आठवड्यातील तीन-चार दिवस प्रत्यक्ष काम आणि एक-दोन दिवस शाळा. तीन-चार वर्षांनी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला समाजात मान असतो आणि पुढे उच्च शिक्षणाची दारेही उघडी असतात. यूबीएस या तेथील सर्वांत मोठ्या बँकेच्या प्रमुखपदी २०२३ मध्ये ज्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले, त्या सर्जियो एरमोटी यांनी आपल्या कारकिर्दीचा आरंभ लुगानो येथील एका बँकेत उमेदवार म्हणूनच केला होता.

आपल्याकडे ही पद्धत अपरिचित नव्हती. मुलाने शाळा सुटल्यावर दुकानात यावे, प्रथम तागे उचलावेत, घड्या घालाव्यात, मग मोजपट्टी हाती घ्यावी आणि सर्वांत शेवटी खतावणी, हाच क्रम होता. फरक इतकाच की त्यांनी त्या पद्धतीला शाळेची जोड आणि सरकारी प्रतिष्ठा दिली. आपण मात्र ती कमीपणाची मानून सोडून दिली. आज पदवीधर मुलगा गादीवर बसण्यास संकोचतो आणि दुकानाला चांगला माणूस मिळत नाही, ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच घरात ऐकू येतात.

घड्याळ आणि किराणा

स्विस घड्याळांची कीर्ती सर्वज्ञात आहे. परंतु १९७० च्या सुमारास या धंद्यात जे नव्वद हजार लोक होते, ते पंधरा वर्षांत जेमतेम तीस हजारांवर आले, हे तितकेसे ज्ञात नाही. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाचा नमुना १९६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच तयार झाला होता. बाजारात मात्र ते १९६९ मध्ये जपानने आणले. कलेचा अभिमान कधी कधी डोळ्यांवर झापड आणतो, तो असा. १९८३ मध्ये निकोलस हायेक यांच्या सल्ल्याने दोन डबघाईला आलेले समूह एकत्र करण्यात आले आणि त्याच वर्षी अवघ्या ५१ भागांचे, प्लास्टिकचे, स्वस्त स्वॉच घड्याळ आले. त्या स्वस्त घड्याळाने महागड्या घड्याळांचे प्राण वाचवले.

त्यानंतर आपल्या नावाची राखण कशी करावी, हेही त्यांनी कायद्याने ठरवले. २०१७ पासून औद्योगिक वस्तूच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग देशात झाला असेल तरच तिच्यावर ‘स्विस’ असे लिहिता येते. दुधाच्या पदार्थांना तर दूधही तेथलेच लागते. टोब्लेरोन चॉकलेटचे काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवण्याचे ठरले, तेव्हा २०२३ मध्ये त्या कंपनीला वेष्टनावरील मॅटरहॉर्न शिखराचे सुप्रसिद्ध चित्र काढून टाकावे लागले. डोंगर जागेवरच राहिला. परंतु त्याचे नाव वापरण्याचा हक्क संपला.

किराणा व्यापारातील एक उदाहरण या सभेला विशेष रुचेल. १९२५ मध्ये झुरिक येथे गोटलीब डुटवायलर या गृहस्थाने पाच मोटारींवर सहाच वस्तू घेऊन फिरता व्यापार सुरू केला. कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबरेल आणि साबण. नफा कमी, खप जास्त. प्रस्थापित उत्पादकांनी माल देण्याचे नाकारले, तेव्हा त्याने स्वतःचे कारखाने काढले. ‘मिग्रोस’ नावाची ही पेढी देशातील सर्वांत मोठी झाली आणि १९४१ मध्ये तिच्या मालकाने ती सहकारी संस्थेत रूपांतरित करून ग्राहकांच्या हाती सोपवली. मिग्रोसच्या भांडारांत मद्य आणि तंबाखू विकली जात नाही. हा नियम बदलावा का, असे २०२२ मध्ये सभासदांना विचारले असता दहाही प्रादेशिक संस्थांनी ‘नको’ असेच उत्तर दिले. याच समूहाच्या मालकीच्या दुसऱ्या एका दुकानमालिकेत मद्य मिळते, हेही सांगितले पाहिजे. तरी मूळ नावाखाली ते विकण्यास ग्राहकांनीच नकार दिला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

गुप्तता आणि विश्वास

आता त्या दुसऱ्या चित्राकडे, स्विस बँकेकडे वळू. वरील साऱ्या वृत्तान्तात विश्वास कसा कमावला गेला, हे दिसले. बँकांच्या इतिहासात तो कसा गमावला गेला, हेही दिसते.

१९३४ च्या कायद्याने ग्राहकाची माहिती उघड करणे हा तेथे फौजदारी गुन्हा ठरवला. युरोपात हुकूमशाहीचे वारे वाहत असताना अनेक ज्यू कुटुंबांनी आपली पुंजी या विश्वासावर तेथे ठेवली. त्यातील असंख्य माणसे नाझी छळछावण्यांत मारली गेली. युद्धानंतर त्यांचे वारस बँकेच्या दाराशी आले, तेव्हा त्यांच्याकडे मृत्यूचे दाखले मागितले गेले. छळछावणीत दाखले कोण देणार होते? ती खाती तशीच पडून राहिली. जानेवारी १९९७ मध्ये झुरिकच्या एका मोठ्या बँकेतील तरुण पहारेकऱ्याला नष्ट करण्यासाठी ठेवलेल्या जुन्या वह्या दिसल्या. त्याने त्यांतील काही वाचवून ज्यू संघटनेकडे दिल्या. बँकेची गुप्तता मोडल्याबद्दल चौकशी सुरू झाली ती त्या पहारेकऱ्याचीच. अखेर १९९८ मध्ये बँकांना १२५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली.

ठेव सांभाळणे आणि ठेव दडवणे यांतील अंतर त्या बँका विसरल्या होत्या. जुन्या पेढीवर विधवेची ठेव विनाकागद राहत असे आणि तिच्या नातवाला व्याजासह परत मिळत असे. तेथेही गुप्तता होती. पण ती ठेवीदाराच्या रक्षणासाठी होती. ज्या दिवशी ती ठेवीदारापासूनच, त्याच्या वारसापासूनच लपवण्यासाठी वापरली गेली, त्या दिवशी तिचे स्वरूप पालटले.

पुढील घटनाक्रम वेगाने घडला. करबुडव्यांना साहाय्य केल्याच्या प्रकरणात यूबीएसने २००९ मध्ये अमेरिकेला ७८ कोटी डॉलर भरले आणि हजारो खात्यांची माहिती देण्याची वेळ आली. २०१४ मध्ये क्रेडिट स्विसने गुन्हा कबूल करून २६० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर अन्य देशांना खात्यांची माहिती आपोआप पुरवण्याची पद्धत सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये भारतालाही तिचा पहिला संच मिळाला. ज्यांना अजूनही स्विस बँक म्हणजे अंधारी तिजोरी वाटते, त्यांच्या कल्पनेतील ती बँक आता उरलेली नाही.

क्रेडिट स्विसची कथा व्यापाऱ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. १८५६ मध्ये आल्फ्रेड एशर यांनी देशात रेल्वे बांधण्यासाठी ती स्थापन केली होती. तिच्या भांडवलातून लोहमार्ग झाले, उद्योग उभे राहिले. नंतरच्या काळात मात्र एकामागून एक घोटाळे, दंड आणि बुडीत व्यवहार तिच्या नावाशी जोडले गेले. २०२२ च्या अखेरच्या तिमाहीत ग्राहकांनी अकरा हजार कोटी फ्रँकपेक्षा अधिक रक्कम काढून नेली. नियमांनी सांगितलेले भांडवल तिच्याकडे होते. नियमांत न बसणारी पत मात्र संपली होती. १९ मार्च २०२३ रोजी, रविवारच्या सुट्टीत, ती अवघ्या ३०० कोटी फ्रँकना यूबीएसला विकण्यात आली. १६७ वर्षांची पेढी एका शनिवार-रविवारात मिटली.

आजचे ढग

आजही या देशापुढे अडचणी आहेत. तेथील फ्रँक हे चलन इतके विश्वासार्ह आहे की संकटकाळी जग त्याच्याकडे धावते आणि ते महाग होऊन निर्यातदारांचे कंबरडे मोडते. १५ जानेवारी २०१५ रोजी मध्यवर्ती बँकेने युरोशी ठेवलेली मर्यादा अकस्मात काढली, तेव्हा फ्रँक काही मिनिटांत कडाडला आणि स्विस गृहिणी स्वस्त किराण्यासाठी सीमेपलीकडे जर्मनीत जाऊ लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के आयातशुल्क लादले. नोव्हेंबरमध्ये ते १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. पतीची सुद्धा किंमत मोजावी लागते, ती अशी.

भारतीय व्यापाऱ्याला मात्र दार उघडले आहे. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरील आयातशुल्क सर्वांसाठी रद्द केले असून त्यात कापडही येते. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापारकरार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे. शुल्क गेले म्हणून माल खपेलच असे नाही. तेथे माल पाठवणाऱ्याला रंग पक्का आहे का, मापात कमी तर नाही ना आणि ठरल्या दिवशी पोहोचेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. हे प्रश्न आपल्या आजोबांनाही ग्राहक विचारीत असत.

समारोप

सज्जनहो, स्वित्झर्लंड निसर्गामुळे श्रीमंत झाला नाही आणि केवळ लपवलेल्या पैशानेही झाला नाही. बँकांच्या गुप्ततेने त्यात भर घातली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्या आधीच सूत, रंग, यंत्रे आणि औषधे यांनी पाया घातला होता. जेथे त्याने नावाला जपले, तेथे चढ्या भावातही त्याचा माल विकला गेला. जेथे त्याने नावाआड काही दडवले, तेथे दीडशे वर्षांची पेढीही तगली नाही.

‘न्यास’ या शब्दाचा मूळ अर्थच विश्वासाने सोपवलेली ठेव असा आहे आणि ती सांभाळणारा तो विश्वस्त. पन्नास वर्षे अशी ठेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून दूरच्या एका देशाचा जमाखर्च मांडताना अखेरची ओळ एवढीच लिहावीशी वाटते. पैसा वहीत दिसतो, पत वहीत दिसत नाही. परंतु वही मिटण्याची वेळ येते, तेव्हा शिल्लक पाहिली जाते ती पतीचीच.